शिवसागराच्या काठावरच्या दरडींचा नकाशा कसा करायचा

जुलै लागला की साताऱ्यात सकाळच्या पेपरात कोयनेचे आकडे आधी वाचले जातात. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथं चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस पडला, धरणात किती टीएमसी पाणी झालं, पातळी किती फुटांवर आली. दरवाजे कधी उचलणार, एवढ्यासाठीच बहुतेकांना हे आकडे हवे असतात. पण ज्याला जलाशयाच्या काठावरच्या दरडी समजून घ्यायच्या आहेत, त्याचं निम्मं काम याच आकड्यांत आहे. काठावरच्या उताराला पाणी दोन बाजूंनी लागतं. वरून पाऊस भिजवतो, आणि खालून जलाशयाचं पाणी पायथ्याशी चढतं, तिथं काही महिने राहतं, मग उतरतं. घाटातल्या दरडीला यातलं पहिलंच कारण असतं, काठावरच्या दरडीला दोन्ही असतात. म्हणून इथला नकाशा घाटरस्त्याच्या नकाशासारखा करून भागत नाही. प्रत्येक दरडीपाशी 'कुठे' बरोबरच 'पाणी किती असताना' हेही लिहावं लागतं.

हा लेख कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाला, त्यातही बामणोली-तापोळा परिसरातल्या बॅकवॉटरला धरून लिहिला आहे. रीत मात्र धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, अगदी शिराळ्याकडचं चांदोलीचं पाणी, सगळीकडे चालेल. भूगोलाचे शिक्षक, कॉलेजची मुलं, ग्रामपंचायतीचे सदस्य, डोंगर हिंडणारे गट, यांपैकी कुणालाही हे काम जमण्यासारखं आहे. लागतो तो एक साधा लॅपटॉप, फोन, मोजपट्टी आणि चिकाटी.

आधी उतार समजून घ्या

आपला सगळा डोंगर काळ्या कातळाचा, लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. पण हे थर सारखे नाहीत. टणक कातळाच्या थराखाली बऱ्याचदा भुसभुशीत, गारगोट्यांच्या पोकळ्यांनी भरलेला थर असतो, आणि लाव्ह्याच्या दोन प्रवाहांच्या मध्ये कुठेकुठे वीटभट्टीच्या रंगाचा लाल मातीचा पातळ थर. पाणी कातळाच्या भेगांतून खाली येतं, या लाल थरावर अडतं आणि आडवं वाहायला लागतं. डोंगराच्या बाजूला एका उंचीवर ओळीनं झरे दिसतात, ते यामुळे. माथ्यावर सड्याचा जांभा आणि उतारावर पिढ्यान्‌पिढ्या वरून घसरत आलेली माती, मुरूम आणि दगडगोटे यांचा जाड थर. दरडी बहुतेक याच थरात होतात, किंवा हा थर खालच्या कातळावरून सुटतो.

काठावर यात पाण्याची भर पडते. कोयनेची पूर्ण पातळी २१६३ फूट ५ इंच, म्हणजे सुमारे ६५९.४ मीटर, आणि साठा १०५.२५ टीएमसी. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी इथवर येतं आणि पुढं वीज-सिंचनासाठी जूनपर्यंत उतरत राहतं. जलाशयाच्या तळाला भोक पाडून पाणी घेण्याचे 'लेक टॅपिंग'चे प्रयोग इथं १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ ला झाले, ते खालच्या पातळीवरचं पाणीही वापरता यावं म्हणून. काठाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की पाणी उतरतं तेव्हा काठाच्या मातीत मुरलेलं पाणी तितक्या लगेच बाहेर येत नाही. माती आतून जड आणि फुगलेली राहते, आणि बाहेरून तिला टेकू देणारं पाणी मात्र निघून जातं. चिकणमातीचा अंश जितका जास्त, तितका हा फरक मोठा. म्हणून काही काठ भर पावसात नव्हे, तर पावसाळा उलटून गेल्यावर, उन्हातान्हात खचतात, आणि गावकरी चक्रावतात की पाऊस नसताना जमीन गेली कशी.

जलाशयाकाठची दरड किती मोठं संकट आणू शकते याचं जगात कायम दिलं जाणारं उदाहरण इटलीतल्या वायोंतचं आहे. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री माउंट टोक या डोंगराची बाजू, सुमारे २७ कोटी घनमीटर, जलाशयात उतरली. पाणी धरणावरून उसळून खालच्या लोंगारोने गावावर गेलं आणि जवळपास दोन हजार माणसं गेली. धरण उभंच राहिलं. त्या दिवसांत तिथं पाणी उतरवण्याचंच काम सुरू होतं. तिथला चुनखडीचा डोंगर आणि आपला कातळ यांची जात वेगळी आहे, त्यामुळे तसंच इथं होईल असं मुळीच नाही. पण पातळीचा चढउतार उताराला कसा लागतो, हे त्या घटनेनं कायमचं शिकवलं.

एवढाच काठ घ्या, जास्त नको

पहिल्या वर्षी तीन-चार किलोमीटर काठ पुरे. पाण्यापासून वरच्या कड्यापर्यंत, म्हणजे डोंगराची पूर्ण बाजू. फक्त पाण्याजवळची पट्टी घेतली तर वरून ओढ्यातून येणारा दगडमातीचा लोंढा नकाशात येतच नाही, आणि माणसं मारणारा प्रकार बहुधा तोच असतो. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि वाई तालुक्यातली देवरुखवाडी आठवा. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. डोंगर सुटला तो वर, आणि घरं होती खाली.

काठ निवडताना वस्ती असलेला निवडा. धरणाच्या वेळी खालची जुनी गावठाणं पाण्यात गेली, बरीच माणसं लांब पुनर्वसनात गेली, आणि जी मागे राहिली त्यांच्या वाड्या वर उतारावर सरकल्या. उतारावर घराला जागा मिळते ती छोट्या सपाटीवर, आणि अशी सपाटी पुष्कळदा जुन्या दरडीनं आणून टाकलेल्या मातीचीच असते. हे कुणाला घाबरवायला सांगत नाही. नकाशा करणाऱ्याची नजर तिथं आधी जायला हवी म्हणून सांगतो.

पश्चिमेचा वासोट्याकडचा काठ कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नका. ड्रोनचा विचार असेल तर धरण आणि अभयारण्य या दोन्हींच्या परवानग्या आधी हातात हव्यात. मला विचाराल तर पहिल्या वर्षी ड्रोन लागतच नाही. होडीतून काढलेले फोटो त्याच्या तोडीचे काम देतात.

घरी बसून करायचं काम

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. प्रकल्पाची प्रक्षेपण प्रणाली यूटीएम झोन ४३ उत्तर ठेवा, म्हणजे लांबी-क्षेत्रफळ थेट मीटरमध्ये मिळेल. मग उंचीचा आराखडा (डीईएम), म्हणजे जमिनीच्या प्रत्येक चौकटीची उंची देणारी फाइल, उतरवून घ्या. इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर कार्टोसॅटचा ३० मीटरचा आराखडा मिळतो, आणि अमेरिकेच्या स्पेस शटल मोहिमेचाही ३० मीटरचा मोफत आहे.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. शटलची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये झाली. त्या आराखड्यात जलाशयाचा जो सपाट तुकडा दिसतो, तो त्या फेब्रुवारीतल्या पाण्याचा पृष्ठभाग आहे. तो ना पूर्ण पातळीचा काठ आहे, ना खालचा तळ. त्या सपाटीच्या कडेला काठ मानून काम सुरू केलं तर सगळ्या दरडींचं पाण्यापासूनचं अंतर चुकतं. पूर्ण पातळीची रेषा ६५९.४ मीटरच्या समोच्च रेषेवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेवरून) काढा आणि ऑक्टोबरच्या उपग्रहचित्रावर ती जुळते का ते बघा. आराखड्याच्या उंचीत काही मीटरांची चूक असू शकते, त्यामुळे दोन्ही जुळत नसतील तर चित्रातला काठ प्रमाण माना.

उंचीच्या आराखड्यावरून छायानकाशा (हिलशेड) तयार करा. सॉफ्टवेअर आपोआप वायव्येकडून उजेड टाकतं. शिवसागर साधारण दक्षिणोत्तर पसरलेलं आहे, त्यामुळे बामणोलीचा पूर्वेचा काठ पश्चिमेला तोंड करून उजळतो आणि समोरचा पश्चिम काठ काळोखात जातो. म्हणून उजेड बदलून तीन-चार छायानकाशे करा. वायव्य, ईशान्य, पूर्व, दक्षिण. प्रत्येकात एकच शोधा: डोंगराच्या सरळ उतारात अर्धचंद्रासारखी खोबण, आणि तिच्या खाली पोट सुटल्यासारखा उंचवटा. मोठी जुनी दरड अशीच दिसते, तिच्यावर जंगल वाढलेलं असलं तरी. पण ३० मीटरच्या चौकटीत ५० मीटर रुंदीची दरड दिसणार नाही, हेही मनाशी ठेवा. आराखडा फक्त मोठ्यांसाठी.

लहान दरडींसाठी उपग्रहचित्रं. युरोपच्या सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर मोफत आहेत, १० मीटरच्या तपशिलाची. गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या चिन्हावर गेलात की जुनी चित्रं उलगडतात, आणि ती याहून बारीक असतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून पावसाळ्याआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवायचं, पण महिना तोच: मार्च २०२१ आणि मार्च २०२२. मे आणि ऑक्टोबरची तुलना केलीत तर सगळा डोंगरच बदललेला दिसेल, कारण गवत. डिसेंबरची चित्रं स्वच्छ असतात, पण सकाळी साडेदहाच्या सुमाराला सूर्य आग्नेयेला खाली असतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारांवर लांब सावली पडते. पूर्व काठासाठी मार्च-एप्रिल बरा.

नवी दरड चित्रात कशी दिसते? वरून खाली लांबट, लालसर-तपकिरी पट्टा, वरचं टोक गोलसर, खालचं टोक पसरट किंवा थेट पाण्यात गेलेलं. फसवणारे प्रकार पुष्कळ आहेत. रस्त्याच्या कामात ढकललेली माती अगदी दरडीसारखी दिसते, पण तिचा वरचा काठ रस्त्याच्या रेषेत सरळ असतो. भाजावळीसाठी जाळलेलं रान चौकोनी असतं, उताराशी त्याचा संबंध नसतो. नोव्हेंबरनंतर वाळलेल्या गवताचे सडे पिवळे पडतात. आणि सगळ्यात मोठा फसवा भाग म्हणजे गाळपेराचा पट्टा. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी ती जमीन मुळातच उजाड असते, तिथं नुसत्या उघडेपणावरून दरड ओळखता येत नाही. त्या पट्ट्यात आकार शोधा: पाण्याच्या प्रत्येक पातळीनं काठावर कोरलेल्या बारीक आडव्या पायऱ्या जिथं मध्येच तुटून खाली वाकलेल्या दिसतात, तिथं जमीन सरकली आहे. चित्रातून ही खूण सापडली की मला फार समाधान वाटतं, कारण ती दुसऱ्या कशाचीही असू शकत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश पोर्टलवर आहेत, तेही थरात टाका. ते १:५०,००० प्रमाणाचे आहेत, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. शंभर मीटरची वाडी त्यात दोन मिलिमीटर. हा नकाशा तालुक्याचा विचार करायला उत्तम, वाडीचा विचार करायला नाही. मधली ती पोकळी भरण्यासाठीच तर आपला नकाशा.

पातळीची वही

शेजारी एक साधा तक्ता उघडा. तारीख, सकाळची पातळी फुटांत, पातळी मीटरमध्ये (फुटाला ०.३०४८ नं गुणायचं), आणि तिन्ही ठिकाणचा पाऊस. पेपरातून, जलसंपदा विभागाच्या रोजच्या माहितीतून भरत जा. पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्यातून एकदा. भूकंप जाणवला तर तोही त्याच वहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप या खोऱ्यात कुणी विसरलेलं नाही, आणि लहान धक्के आजही बसतात. धक्क्यानंतर कड्यावरचे सुटे दगड येतात, म्हणून ती तारीख हवी.

ही वही कंटाळवाणी वाटेल. पण वर्षभरानं एखादी दरड तुम्हाला 'फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात' झाली असं कळतं आणि वही उघडल्यावर दिसतं की तेव्हा पाऊस शून्य होता आणि पातळी झपाट्यानं उतरत होती, तेव्हा कारण समोर येतं. वहीशिवाय ते कधीच कळलं नसतं.

प्रत्यक्ष काठावर

एप्रिल-मे हा पहिल्या फेरीचा काळ. पाणी खाली असतं, दरडीचा पायथा उघडा पडतो. दुसरी फेरी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस. पावसाळ्यात उतारावर जाऊ नका. कितीही उत्सुकता असली तरी नाही.

सुरुवात होडीतून करा. बामणोली किंवा तापोळ्याहून होडी घेऊन काठापासून बरंच अंतर ठेवून समांतर जा, आणि काठाचे एकमेकांवर थोडे चढणारे फोटो घेत जा. फोनमध्ये जागेची नोंद चालू ठेवा. चढून गेल्यावर जे झाडीत हरवतं, ते पाण्यावरून अख्खं दिसतं. नावाडी हा या कामातला सगळ्यात मोठा जाणकार. तो हा काठ वर्षभर बघत असतो. त्याला नकाशा दाखवू नका, फक्त विचारा.

"मामा, ती समोरची तांबडी दरड कधी उतरली?"

"ती व्हय? बेंदूर होऊन चार-पाच दिस झालं आसतील. रातच्याला आवाज झाला."

इथंच थांबायचं नाही. कुठल्या वर्षीचा बेंदूर? धरण त्या साली कधी भरलं? घरात तेव्हा कोण लहान होतं, कुणाचं लग्न झालं होतं? बेंदूर, नागपंचमी, गौरी-गणपती, यात्रा, अशा खुणांवरून वर्ष आणि पंधरवडा बहुतेक वेळा पक्का करता येतो. मग तुमच्या पातळीच्या वहीशी आणि उपग्रहचित्रांशी तो ताडून बघा. वाडीतल्या आजीबाईंना झऱ्यांबद्दल विचारा: कुठला झरा आटला, कुठला नवा फुटला, कुठल्याचं पाणी गढूळ यायला लागलं. पाणी भरणारीला हे पुरुषांच्या आधी कळलेलं असतं.

मग पायी, आणि नेहमी वरून खाली, बाजूबाजूनं. दरडीच्या खाली उभं राहून वर बघायचं नाही. निदान दोघं हवेत, एकाची नजर उताराकडे. गाळपेरात काठी टेकत चाला. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओल्या पिठासारखा असतो, माणूस मांडीपर्यंत रुततो.

बघायचं काय? सुटलेल्या भागाचा वरचा काठ, म्हणजे जिथून जमीन तुटली ती कमानीसारखी रेषा. नकाशातली सगळ्यात मोलाची रेषा हीच. तिच्याही वर, अजून न सुटलेल्या जमिनीत, समांतर भेगा आहेत का? झाडं बघा: ऐन-जांभळाचं खोड बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वर गेलं असेल तर जमीन हळूहळू सरकते आहे, आणि सगळी झाडं एकाच बाजूला नव्यानं कलली असतील तर हल्लीच सरकली. विजेचे खांब, कुंपणं, ताली यांच्या मोडलेल्या रेषा बघा. शेताची ताल मूळची समपातळीत बांधलेली असते, ती एका ठिकाणी हातभर खाली गेली असेल तर तेवढी जमीन खचली, साधा हिशेब. घरांत जोत्याला तिरप्या चिरा, चौकटीत अडकायला लागलेलं दार. आत जाण्याआधी घरच्यांना विचारा, आणि बघून झाल्यावर काय दिसलं ते त्यांना सांगा.

जागेची नोंद घेताना उघड्यावर दोन मिनिटं थांबा. फोनची चूक मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटर असते, घळीत खूप वाढते. उंचीसाठी मात्र फोनवर विसंबू नका. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची देतात, आणि आपल्या भागात या दोन्हींत साठ मीटरांच्या वर फरक पडतो. काठावर आपल्याला त्याची गरजच नाही, कारण शेजारी जलाशयाचं पाणी आहे. स्थिर पाण्याची पातळी सगळ्या काठाला एकच. त्या दिवसाची पातळी वहीत आहे. पाण्यापासून दरडीच्या पायथ्याची आणि माथ्याची उभी उंची मोजपट्टीनं आणि उतारमापक ॲपनं काढा, पातळीत मिळवा, झालं. उंची मोजायला याहून चांगला बेंचमार्क, म्हणजे पक्की खूण, भाडं देऊनही मिळणार नाही.

भेग मोजणं

एखादी भेग जिवंत आहे की जुनी, हे नजरेनं ठरत नाही. कडा धारदार, आत ताजी लाल माती, मुळं ताणलेली किंवा नुकती तुटलेली, अशी भेग हल्लीची. कडा गोल, आत पालापाचोळा आणि शेवाळ, ती जुनी. पण खरं उत्तर मोजमापच देतं.

लोखंडी सळईचे अर्ध्या मीटरचे तीन तुकडे घ्या. भेगेच्या वरच्या बाजूला, काठापासून सुमारे एक मीटरवर एक ठोका. खालच्या बाजूला दोन, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर, म्हणजे त्रिकोण होतो. सळई जेमतेम चार बोटं वर राहील इतकी आत जाऊ द्या, नाहीतर गुरांचा पाय लागून हलते. प्रत्येकीच्या डोक्यावर छिन्नीनं एक टिंब पाडा, आणि मोजताना टिंबापासून टिंबापर्यंतच मोजा, स्टीलच्या टेपनं, मिलिमीटरपर्यंत. त्रिकोणाच्या दोन बाजू भेग ओलांडतात. दोन्ही सारख्या वाढल्या तर जमीन सरळ खाली चालली आहे, एक जास्त वाढली तर तिरकी. उभा फरक मोजायला गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या. एक टोक वरच्या सळईपाशी, दुसरं खालच्या, आणि दोन्हींकडच्या पाण्याच्या रेषेपासून सळईच्या डोक्यापर्यंतचं अंतर. या नळीनं काही मिलिमीटरांचा फरक सहज धरता येतो. कोरड्या दिवसांत महिन्याला एक मोजणी. पाणी उतरण्याचा वेग वाढला असेल तर आठवड्याला. पावसाळ्यात मोजणी नाही.

सळया कुठं ठोकल्या ते जमिनीच्या मालकाला माहीत हवं, आणि मोजणीचा एक कागद त्याच्या घरात हवा.

रेषा ओढणं

आता नकाशा. दरडीच्या जागी एक टिंब ठेवून पुढं जाऊ नका. टिंबावरून काहीच कळत नाही: ती घराएवढी होती की वाडीएवढी, सुटली कुठून आणि थांबली कुठं. प्रत्येक दरडीचे तीन भाग वेगळे काढा. तुटल्याची कमानरेषा, जिच्यावर उताराच्या दिशेनं छोटे दात. जिथून माती गेली तो भाग. आणि जिथं माती येऊन पडली तो भाग. तिसरा भाग पाण्याखाली गेला असेल तर उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीच्या चित्रावरून जेवढा दिसेल तेवढा काढा आणि पुढची रेषा तुटक ठेवा.

प्रकार लिहा. मुरमाड जाड मातीत जमीन गोलाकार बसते आणि वरचा तुकडा डोंगराकडे मागं कलतो, ते खचणं. पाणी उतरताना काठावर बहुधा हेच होतं. मातीचा पातळ थर कातळावरून किंवा लाल थरावरून सरळ निसटतो, ती घसरण. ओढ्यातून दगड, चिखल, झाडं एकत्र येतात आणि तोंडाशी पंख्यासारखी पसरतात, तो लोंढा. कड्यावरून सुटे दगड येतात ते वेगळे. लाटांनी काठ खालून पोखरला असेल तर ती अजून दरड नाही, पण नोंद हवीच, कारण पुढच्या वर्षीची दरड पुष्कळदा तिथूनच सुरू होते. पूर्ण भरलेल्या जलाशयावर पावसाळी वारा लांबवरून येऊन ज्या काठावर आदळतो, तिथं ही पोखरण जास्त मिळेल.

तक्त्यात प्रत्येक आकाराला क्रमांक, प्रकार, घडल्याची तारीख किंवा दोन तारखांमधला काळ, त्या वेळची पातळी, तीन दिवसांचा पाऊस, पायथा पूर्ण पातळीच्या वर आहे की खाली, क्षेत्रफळ, अंदाजे खोली, आणि खात्री. खात्रीच्या तीन पायऱ्या मला पुरेशा वाटतात: जाऊन पाहिलेली, चित्रात स्पष्ट, आणि शंका. शंका असलेली दरडही ठेवा, फक्त फिकट रंगात. माहिती कुणी सांगितली हे वहीत असू द्या, नकाशावर नाव नको.

लोंढ्यांसाठी आणखी एक मोजणी करा. सुटल्याच्या जागेपासून थांबल्याच्या जागेपर्यंतची उभी उंची भागिले आडवं अंतर. हा भागाकार जितका लहान, तितका लोंढा लांब गेलेला. तुमच्याच खोऱ्यातल्या जुन्या लोंढ्यांचे असे आकडे काढा, आणि मग वाडीच्या वरच्या ओढ्यांकडे त्या आकड्यांनिशी बघा. त्यातला सगळ्यात लांब पोचलेला लोंढा ज्या हिशेबानं गेला, त्याच हिशेबानं या ओढ्यातला कुठं थांबेल? त्या रेषेच्या आत किती घरं, शाळा, पाण्याची टाकी, होडीचा धक्का येतो? दुसरीकडच्या पुस्तकातला आकडा इथं लावू नका. आपल्या डोंगराचा आकडा आपल्या डोंगरातच मिळतो.

नकाशा कुणाच्या हातात द्यायचा

ए-३ कागदावर १:५,००० किंवा १:१०,००० प्रमाणात छापा, मराठीत, आणि गावात बोलली जाणारी नावं घालून: ओढ्याचं, शेताचं, माळाचं, देवळाचं. अधिकृत नकाशातली नावं लोकांना ओळखू येत नाहीत, आणि रात्रीच्या पावसात ओळखू न येणारा नकाशा काही कामाचा नाही. छापण्याआधी वाडीत बसून तो सगळ्यांना दाखवा. जिथं माणसं बोट ठेवून "हितं नाही, वरच्या अंगाला" म्हणतील, तिथं पुन्हा जाऊन बघा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तलाठ्याकडे, एक तहसील कार्यालयात, एक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात. डिजिटल आकारही सोबत द्या, म्हणजे भूवैज्ञानिक तपासणीला येतील तेव्हा त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

नकाशाच्या कोपऱ्यात ठळक लिहा: पांढरी जागा म्हणजे सुरक्षित जागा नव्हे, तिथं अजून दरड नोंदलेली नाही एवढंच. आणि कुठलंही घर 'धोक्यात' आहे असा शिक्का तुम्ही मारू नका. त्यावर त्या कुटुंबाचं पुनर्वसन, जमिनीचा भाव, मुलीचं लग्न, सगळं अडकलेलं असतं. तो निर्णय भूवैज्ञानिकांच्या तपासणीनंतर प्रशासनाचा. तुम्ही काय पाहिलं, कधी पाहिलं, किती मोजलं, ते मात्र एकही शब्द न गाळता द्या.

याला एक अपवाद आहे. भेग एका फेरीतून दुसऱ्या फेरीपर्यंत बोटभर वाढली, स्वच्छ झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आलं, किंवा भर पावसात वाहता ओढा अचानक आटला, तर नकाशा पूर्ण होण्याची वाट बघू नका. ओढा आटला म्हणजे वर कुठंतरी दरडीनं तो अडवलेला असू शकतो. त्याच क्षणी वाडीतल्या लोकांना ओढ्यापासून आणि उतारापासून बाजूला काढा, सरपंच-पोलीस पाटलांना सांगा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. सांगताना वाडीचं नाव, ओढ्याचं गावातलं नाव, आणि तुमच्या नकाशातला दरडीचा क्रमांक सांगा.